जिम फिस्कची कर्नलकी

12 जुलै 1871 ची दुपार. न्यूयॉर्कच्या आठव्या अव्हेन्यूवर नववी रेजिमेंट रांगेत उभी होती. तिचा कर्नल जेम्स फिस्क कोट न घालताच रस्त्यावर उतरला होता. हातातली तलवारसुद्धा आपल्याच एका अधिकाऱ्याकडून मागून घेतलेली. थोड्या वेळाने दगड आले, मग गोळ्या सुटल्या, आणि त्या धुमश्चक्रीत कर्नलच दिसेनासा झाला. गर्दीच्या लोंढ्यात तो पडला, पायाचा घोटा निखळला, त्याला जवळच्या एका घरात नेलं गेलं. तिथून परसांमागून परसांची कुंपणं ओलांडत तो निसटला आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर लाँग ब्रांचला जाऊन पोहोचला. हे सगळं घडलं ते त्याच्या स्वतःच्या ऑफिसपासून चौक-दोन चौकांवर.

यादवी युद्धाची चार वर्षं ज्याने ब्लँकेटं विकण्यात काढली, तो माणूस गेटिसबर्गला लढलेल्या रेजिमेंटचा प्रमुख कसा झाला? एरी रेल्वे आणि सोन्याचा सट्टा यांमुळे फिस्कवर भरपूर लिहिलं गेलंय. त्यात ही कर्नलकी गमतीचा किस्सा म्हणून येते: जाडजूड शेठ, पिळदार मिशा, जरीचा गणवेश. मला मात्र त्याच्या सगळ्या कारभाराची किल्ली या कर्नलकीतच आहे असं वाटतं.

फेरीवाल्याची गाडी

फिस्कचा जन्म 1 एप्रिल 1835 चा, व्हर्मोंट राज्यातल्या पाउनलचा. तारखेवरून त्याच्या हयातीतच पुष्कळ विनोद झाले. बाप फेरीवाला. घोडागाडीत कापडचोपड, भांडी आणि किरकोळ सामान भरून तो खेडोपाडी विकत फिरायचा. पुढे त्याने ब्रॅटलबरो गावात हॉटेल काढलं. पोरगा पंधराएक वर्षांचा असताना व्हॅन ॲम्बर्गच्या सर्कशीबरोबर पळून गेला. परत आला तो एक धडा गिरवूनच, की माल नंतर, आधी माणसं जमली पाहिजेत. त्याने बापाचाच धंदा धरला, पण गाडी सर्कशीसारखी रंगवली, चांगले घोडे जुंपले आणि गावात शिरताना मिरवणुकीचा थाट ठेवला. आपल्याकडे म्हणतात तसं, बोलणाऱ्याची बोरं विकतात. फिस्कने बोरांच्या टोपलीलाही बाशिंग बांधलं.

त्या गाडीवरचा माल बोस्टनच्या जॉर्डन मार्श या पेढीकडून यायचा. पोरगा खपवतो आहे हे पाहून पेढीने त्याला आत घेतलं. 1861 मध्ये युद्ध पेटलं आणि उत्तरेच्या सैन्याला ब्लँकेटं, कापड, कपडे लागू लागले. वॉशिंग्टनमध्ये मुक्काम ठोकून, अधिकाऱ्यांना जेवणावळी घालून फिस्कने पेढीसाठी मोठमोठी सरकारी कंत्राटं मिळवली. दक्षिणेतला जो भाग उत्तरेच्या ताब्यात येत गेला, तिथून कापूस उचलण्याच्या धंद्यातही तो होता.

याच युद्धाने आणि याच कापसाने तेव्हा मुंबईतही उलथापालथ केली होती. अमेरिकेचा कापूस लँकेशायरला पोहोचेना, तशी पश्चिम भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशावर प्रेमचंद रायचंद, बॅक बे रेक्लमेशनचे शेअर आणि रोज उगवणाऱ्या कंपन्या असा सगळा फुगा फुगला. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. न्यूयॉर्कच्या बाजारात उतरलेल्या फिस्कचेही पैसे त्याच सुमारास बुडाले. मुंबईतले कित्येक त्या फटक्यातून उठले नाहीत. फिस्क उठला, कारण त्याला डॅनियल ड्रू भेटला.

एरी

ड्रू हा म्हातारा, धार्मिक, आणि बाजारात कुणाचाही विश्वासघात करायला न कचरणारा गृहस्थ. त्याची एक आगबोट कंपनी विकून देऊन फिस्कने त्याचा विश्वास मिळवला. मग ड्रूच्याच पाठबळावर फिस्क अँड बेल्डन नावाची दलाली पेढी उघडली. 1867 मध्ये तो एरी रेल्वेच्या संचालक मंडळावर आला. त्याच वेळी तिथे आलेला दुसरा नवखा माणूस म्हणजे जे गूल्ड: किडकिडीत, अबोल, कागदपत्रांत रमणारा. दोघांची जोडी जमली. गूल्डने डाव रचायचा आणि फिस्कने ढोल वाजवायचा.

आगबोटी आणि रेल्वेंचा बडा मालक कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट याला एरी हवी होती. तो बाजारातून शेअर उचलत होता आणि हे तिघं त्याला शेअर पुरवत होते, नव्याने छापून! कंपनीने शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे काढायचे, लगेच ते बदलून घ्यायचे आणि ताजे शेअर बाजारात ओतायचे. 'छापखाना मोडला नाही तर त्या म्हाताऱ्याला हवी तेवढी एरी देऊ,' अशा अर्थाचं फिस्कचं वाक्य तेव्हापासून सांगितलं जातं. न्यायाधीश जॉर्ज बर्नार्ड यांनी मनाई हुकूम काढले. तेव्हा मार्च 1868 मध्ये तिघं कंपनीची वह्या-दप्तरं आणि लाखो डॉलरच्या नोटा घेऊन हडसन नदीपलीकडे जर्सी सिटीला पळाले. टेलर्स हॉटेलात त्यांनी मुक्काम केला, बाहेर पहारा बसवला, आणि वर्तमानपत्रांनी त्या हॉटेलचं नाव 'फोर्ट टेलर' पाडलं. बातमीदारांना चिरूट आणि पेय देऊन बोलायचं काम फिस्ककडे होतं. तिकडे गूल्ड पैशांची थैली घेऊन राज्याच्या राजधानीला, ऑल्बनीला, गेला आणि हा सगळा शेअर-व्यवहार कायदेशीर ठरवणारा ठराव विधिमंडळाकडून करून घेऊन आला.

तडजोड झाली, ड्रू बाहेर पडला, एरी गूल्ड आणि फिस्कच्या हाती आली. न्यूयॉर्कच्या राजकारणाचा सूत्रधार बॉस ट्वीड संचालक झाला, आणि काल मनाई काढणारे बर्नार्ड आज त्यांना हवे ते हुकूम काढू लागले. जुलै ते ऑक्टोबर 1868 या चार महिन्यांत एरीचं भागभांडवल साधारण 3 कोटी 42 लाख डॉलरवरून 5 कोटी 77 लाखांवर गेलं. रुळांची मात्र रया गेलेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, हॉटेलातली 'लढाई' संपते न संपते तोच, पोर्ट जर्व्हिसजवळ कार्स रॉक इथे तुटलेल्या रुळामुळे रात्रीच्या गाडीचे डबे कड्यावरून खाली गेले आणि वीसहून जास्त माणसं मेली. फिस्कच्या गमतीजमती वाचताना हा अपघात मी शेजारी ठेवतो.

शेअरच्या कमाईतून काय आलं? आठवा अव्हेन्यू आणि तेविसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरचं पाईक्स ऑपेरा हाऊस. त्याचं नाव ग्रँड ऑपेरा हाऊस झालं. खाली नाटकं आणि वर एरी रेल्वेचं संगमरवरी ऑफिस. बोस्टनच्या मार्गावरच्या आगबोटींची कंपनीही फिस्ककडे आली, तेव्हा त्याने ॲडमिरलचा गणवेश शिवून घेतला आणि बोट सुटताना धक्क्यावर तो घालून उभा राहू लागला. लोक हसायचे, पण तिकिटंही काढायचे. स्प्रिंगफील्डचे संपादक सॅम्युएल बोल्स यांनी मात्र त्याच्याविरुद्ध लिहिलं, तेव्हा डिसेंबर 1868 मध्ये ते न्यूयॉर्कला आले असताना फिस्कने त्यांना अब्रूनुकसानीच्या दाव्यात अटक करवून एक रात्र तुरुंगात बसवलं.

1869: फौज समोरून पाहिली

कर्नल होण्याआधीच्या वर्षात दोन गोष्टी घडल्या. ऑगस्टमध्ये गूल्ड-फिस्क यांनी ऑल्बनी ते बिंगहॅम्टन जाणारी ऑल्बनी अँड सस्क्वेहाना ही रेल्वे गिळायचा प्रयत्न केला. फिस्क स्वतः माणसं घेऊन ऑल्बनीच्या ऑफिसवर चालून गेला. तिथे त्याला ढकलून बाहेर काढलं गेलं, आणि एका 'पोलिसाने' पकडून ठाण्यावर नेलं. तो पोलीस नसून रेल्वेचाच माणूस होता हे नंतर कळलं, आणि या फजितीवर फिस्कही खूप हसला. पुढे बिंगहॅम्टनच्या बाजूच्या एका बोगद्याजवळ दोन्ही पक्षांची माणसं भरलेल्या दोन आगगाड्या समोरासमोर धडकल्या आणि दांडके-दगडांची मारामारी झाली. अखेर गव्हर्नर जॉन हॉफमन यांनी राज्याची मिलिशिया, म्हणजे नागरिकांतून उभारलेली फौज, पाठवली. फिस्कच्या भाडोत्री माणसांना हटवणारी ही फौज होती. आठ महिन्यांनी तो तिच्यातच कर्नल होणार होता.

दुसरी गोष्ट सोन्याची. युद्धानंतर अमेरिकेत कागदी ग्रीनबॅक चालत, पण जकात सोन्यात भरावी लागे. त्यामुळे व्यापाऱ्यांना सोनं रोज लागायचं, आणि बाजारात खेळतं सोनं थोडं. ते सगळं उचलून मंदीवाल्यांना, म्हणजे भाव पडेल या आशेने हाती नसलेलं सोनं विकून बसलेल्यांना, कोंडायचं, एवढाच गूल्डचा बेत. धोका एकच: सरकारी खजिन्याने आपलं सोनं विकायला काढलं तर डाव संपला. म्हणून राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचे मेहुणे एबल कॉर्बिन यांना हाताशी धरलं. न्यूयॉर्कच्या उपखजिन्याचे प्रमुख डॅनियल बटरफील्ड यांच्या हातीही गूल्डचे 10,000 डॉलर गेले.

बटरफील्ड यांच्यापाशी मी जरा थांबतो. तेही धंदेवाल्या घरातले, तेही न्यूयॉर्क मिलिशियाचे माजी कर्नल. पण ते खरोखर लढलेले, जखमी झालेले जनरल होते. फिस्कचा मुद्दा 'लढला नाही म्हणून वाया गेला' इतका सोपा असता तर बटरफील्ड या यादीत नसते.

22 सप्टेंबरला गूल्डला वास लागला की ग्रँट सावध झाले आहेत. त्याने गुपचूप विकायला सुरुवात केली. फिस्क मात्र भाव चढवतच राहिला. ही फसवणूक होती की ठरवून केलेली वाटणी, यावर अजून वाद घालता येतो. मला वाटणी वाटते, कारण पुढे दोघांची दोस्ती तुटली नाही. 24 सप्टेंबर 1869, शुक्रवार. 100 सोन्याच्या डॉलरला 160 च्या वर ग्रीनबॅक असा भाव गेला, फिस्कसाठी बोली लावणारा दलाल स्पायर्स 160 ला ओरडतच होता, आणि दुपारच्या सुमाराला खजिना 40 लाखांचं सोनं विकणार असल्याची तार आली. काही मिनिटांत भाव 135 च्या आसपास. कित्येक पेढ्या बुडाल्या. फिस्कने आपल्या जुन्या भागीदाराच्या, बेल्डनच्या, नावावर झालेले सौदे नाकारले आणि बाकीचं बर्नार्ड यांच्या हुकुमांनी निभावलं. संसदेच्या चौकशी समितीपुढे तो म्हणाला, इज्जत सोडली तर काहीच गेलं नाही.

रेजिमेंटला काय हवं होतं

इज्जत गेलेल्या माणसाला एप्रिल 1870 मध्ये नवव्या रेजिमेंटने कर्नल निवडलं. 'निवडलं' हा शब्द अक्षरशः घ्यायचा. राज्याच्या मिलिशियात, म्हणजे तेव्हाच्या नॅशनल गार्डमध्ये, अधिकारी मतदानाने निवडले जात. गव्हर्नर त्यांना सनद देत. ही पगारी फौज नव्हती. दिवसा दुकान-कचेरी, संध्याकाळी कवायत, वर्षाकाठी संचलन, आणि शहरात दंगल झाली तर बंदूक घेऊन हजर. आपल्या होमगार्डची आठवण होईल, पण फरक मोठा. इथे प्रत्येक रेजिमेंट अर्धी फौज आणि अर्धा क्लब. बँड, झकपक गणवेश, मेजवान्या, सहली यांचा बराच खर्च सभासदांनी आणि आश्रयदात्यांनी उचलायचा. सातव्या रेजिमेंटमध्ये बड्या घरची मुलं, तिला पैशाची ददात नाही. नववी तशी नव्हती.

नववीचा इतिहास मात्र खणखणीत. युद्धात ती 83 वी न्यूयॉर्क म्हणून गेली. अँटीटम, फ्रेडरिक्सबर्ग, गेटिसबर्ग, सगळीकडे तिची माणसं पडली. शांतता आल्यावर भरती आटली, कर्ज वाढलं. रिकाम्या जागा आणि रिकामी तिजोरी असलेल्या संस्थेला पुढारी शोधताना अनुभव आधी दिसत नाही, चेकबुक दिसतं. आपल्या गावातली मंडळं, तालमी, साखर कारखाने आठवले तर यात नवल वाटणार नाही. रेजिमेंटमध्ये युद्ध पाहिलेले लोक होते, कवायत त्यांना येत होती. त्यांनी हिशेब केला असावा की कवायत आम्ही घेऊ, बिलं हा भरेल.

आणि त्याने भरली. कर्ज फिटलं, नव्या भरतीवर बक्षिसं लागली, एरीचे कारकून आणि ऑपेरा हाऊसमधली माणसंही गणवेशात आली. बँड एवढा मोठा केला की शहरात दुसरा तसा नसावा. 1870 च्या उन्हाळ्यात लाँग ब्रांचच्या समुद्रकिनारी छावणी पडली, तिथे सुट्टी घालवणारी श्रीमंत मंडळी संचलन बघायला जमायची. पुढच्या जूनमध्ये बंकर हिलच्या दिवसासाठी, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धातल्या लढाईच्या स्मृतिदिनासाठी, स्वारी बोस्टनला गेली. ज्या शहरात तो एकदा फेरीवाला म्हणून माल उचलायला यायचा, तिथेच आता शेकडो माणसांच्या पुढे. कर्नलला कवायतीचे हुकूम धड येत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानेही ते कधी लपवलं नाही.

त्याला यातून काय मिळालं, तेही दिसतं. ॲडमिरलचा गणवेश स्वतः शिवलेला होता, त्यावर हसता येत होतं. कर्नलची सनद गव्हर्नरची होती. सोन्याच्या शुक्रवारानंतर बाजारात जे नाव काळं झालं होतं, त्याच्यामागे आता राज्याचा शिक्का होता. गाडीला दिलेला नवा रंग, पण या वेळी सरकारी डब्यातला.

हिशेबात एकच गोष्ट धरलेली नव्हती. रेजिमेंटला कधीतरी खरं काम पडू शकतं.

आठवा अव्हेन्यू

12 जुलै हा ऑरेंजमनचा, म्हणजे आयरिश प्रॉटेस्टंटांचा सण: 1690 मध्ये बॉइनला प्रॉटेस्टंट राजाने कॅथलिक राजावर मिळवलेला विजय. आयरिश कॅथलिकांसाठी ती जखमेवर मीठ चोळणारी मिरवणूक. 1870 साली त्यावरून न्यूयॉर्कमध्ये दंगल होऊन आठ माणसं मेली होती. 1871 मध्ये पोलिसांनी मिरवणुकीवर बंदी घातली, ओरड झाली, आणि आदल्या दिवशी गव्हर्नर हॉफमन यांनी बंदी उठवून फौजेच्या बंदोबस्तात मिरवणूक निघेल असं जाहीर केलं. रेल्वेच्या मारामारीत फौज पाठवणारे हॉफमन, ज्यांच्या राज्यात फिस्कला सनद मिळाली ते हॉफमन, तेच हे. तयारीला मिळाली एक रात्र.

एकोणतिसाव्या रस्त्याजवळच्या सभागृहातून मूठभर ऑरेंजमन निघाले. त्यांच्याभोवती हजारो पोलीस आणि मिलिशिया, दुतर्फा आणि छपरांवर चिडलेली गर्दी. दगड-विटा येऊ लागल्या, कुठूनतरी गोळीचा आवाज आला. चोविसाव्या-पंचविसाव्या रस्त्याच्या दरम्यान एका रेजिमेंटच्या माणसांनी हुकुमाविना बार टाकले आणि पाठोपाठ इतरांनी, नववीनेही. साठाहून जास्त नागरिक मेले, बहुतेक आयरिश, आणि त्यांतले कित्येक नुसते बघे. नववीतलीही माणसं मेली.

पहिल्या गोळ्या झाडणारी रेजिमेंट फिस्कची नव्हती, आणि तो जागेवर असता तर नववीच्या बंदुका थांबल्या असत्या असं मी म्हणणार नाही. घाबरलेली, कमी शिकवलेली, रस्त्यात दाटलेली माणसं होती ती; सराईत कर्नल असलेल्या रेजिमेंटांनीही तेच केलं. पण अशा वेळी हुकूम देण्यासाठीच तर कर्नल असतो, आणि बंदुका खाली करा असं ओरडायला तो तिथे नव्हता. रोज ज्या रस्त्याने तो बग्गीतून ऑफिसला यायचा, त्या रस्त्यावर रक्त सांडलं होतं. पुढचे कितीतरी दिवस वर्तमानपत्रांनी त्याचा घोटा, ती कुंपणं आणि उसन्या कपड्यांतला पळ यावर ताव मारला. मेलेल्यांपेक्षा कर्नलचीच चित्रं जास्त गाजली, ही गोष्ट मला तेव्हाच्या पत्रकारितेबद्दलही काही सांगून जाते.

त्याच जुलैमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ट्वीडच्या टोळीचे हिशेब छापायला सुरुवात केली. बर्नार्डही पुढच्या वर्षी महाभियोगात पदावरून गेले. फिस्कच्या पायाखालची वाळू एकेका बाजूने सरकत होती. तरी ऑक्टोबरमध्ये शिकागो जळालं तेव्हा मदतीचं सामान गोळा करायला तोच रस्त्यावर उतरला, आणि एरीची खास गाडी भरून पाठवली. तो दिलदार नव्हता असं कुणीच म्हणालेलं नाही. पैसा कुणाचा, हा प्रश्न तेवढा विचारायचा राहतो.

जिना

शेवट घरगुती आहे आणि तो मी थोडक्यात उरकतो. बायको ल्यूसी बोस्टनला. न्यूयॉर्कमध्ये जोसी मॅन्सफील्ड ही मैत्रीण. ब्रुकलिनच्या तेलशुद्धी कारखान्यातला फिस्कचा भागीदार एडवर्ड स्टोक्स जोसीच्या घरी जाऊ लागला, भागीदारी मोडली, फिस्कची जुनी पत्रं छापण्याच्या धमक्या आल्या, कोर्टबाजी झाली. 6 जानेवारी 1872 ला ब्रॉडवेवरच्या ग्रँड सेंट्रल हॉटेलच्या जिन्यात स्टोक्सने त्याच्यावर दोन गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फिस्क गेला. वय 36. स्टोक्सवर तीनदा खटला चालला; एकदा ज्युरीचं एकमत झालं नाही, एकदा फाशी, आणि शेवटी सदोष मनुष्यवधाची चार वर्षं सिंग सिंग तुरुंगात. मार्चमध्ये गूल्डला एरीमधून बाहेर काढलं गेलं.

पार्थिव ग्रँड ऑपेरा हाऊसमध्ये ठेवलं होतं, कर्नलच्या पूर्ण गणवेशात. दर्शनाला लोटलेल्या गर्दीत एरीचे हमाल होते, नटनट्या होत्या, मदत मिळालेले गरीब होते. सहा महिन्यांपूर्वी ज्या अव्हेन्यूवर गोळीबार झाला तिथूनच नववी रेजिमेंट त्याच्या शवपेटीबरोबर चालली, त्यानेच वाढवलेल्या बँडच्या शोकसुरांवर. आणि या खेपेला रांग कुठे मोडली नाही. तिथून गाडीने ब्रॅटलबरो.

गावच्या प्रॉस्पेक्ट हिल स्मशानभूमीत शिल्पकार लार्किन मीड यांनी घडवलेलं त्याचं संगमरवरी स्मारक आहे. चार कोपऱ्यांवर चार स्त्रिया बसल्या आहेत. एक रेल्वेची, एक आगबोटींची, एक रंगभूमीची, आणि एक व्यापाराची, नाणी घेतलेली. रेजिमेंटची त्या चौघींत कोणी नाही.